चाळीस हजारांची ड्युटी

विचारा सिस्टरना : या सदराच्या लेखिकेनं सरकारी रुग्णालयात अधिपरिचारिका म्हणून नोकरी केली आणि निवृत्तीनंतर काही वर्षं पुण्यात घरगुती ड्युट्याही केल्या. वाचकांच्या विनंतीवरून पत्रांतली नावं दिलेली नाहीत.

प्रश्न : ताई, सप्रेम नमस्कार. मी हडपसरला राहते, वय 34. जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) झाले आहे, महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन चालू आहे. घरापासून पायी पंधरा मिनिटांवर एक साठ खाटांचं खासगी हॉस्पिटल आहे, तिथे आठ वर्षं काम करते. पगार 19,500, त्यात बेसिक 12,000. पीएफ आणि ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) कापून हातात 17,913 येतात. ड्युटी आठ तासांची, पण हँडओव्हर (पुढच्या सिस्टरला पेशंट सोपवणं) आणि नोंदी पूर्ण करेपर्यंत रोज पाऊण तास जास्त जातो, त्याचे पैसे मिळत नाहीत. रविवार किंवा बदल्यात एक सुट्टी असते.

आता घरगुती ड्युटीसाठी सिस्टर पुरवणाऱ्या एका ब्युरोकडून विचारणा आली आहे. कोथरूडला 76 वर्षांचे आजोबा आहेत. पक्षाघात झालाय, उजवी बाजू गेली, बोलता येत नाही, आरटीवर (नाकातून पोटात घातलेल्या नळीवर) फीडिंग आणि लघवीसाठी कॅथेटर आहे. मुलगा अमेरिकेत, घरी फक्त आजी. दिवसाची बारा तासांची ड्युटी (आठ ते आठ) केली तर रोजचे 1,000 रुपये. नाहीतर चोवीस तास तिथंच राहायचं, जेवणखाण त्यांचं, महिन्यातून दोन दिवस सुट्टी, आणि महिना 40,000. पहिल्या सात दिवसांचे पैसे डिपॉझिट म्हणून ब्युरोकडे राहतील आणि ओरिजिनल सर्टिफिकेटंही त्यांच्याकडे ठेवायची आहेत.

मिस्टरांनी टेम्पो घेतलाय, त्याचे हप्ते चालू आहेत. ते म्हणतात, "दोन वर्षं काढ चोवीस तासांची, कर्ज फिटेल." सासूबाई घरी असतात, मुलगा सातवीत आहे, म्हणजे घर अगदीच उघडं पडणार नाही. पण माझं मन तयार होत नाही. हॉस्पिटलात तरी काय आहे, असंही वाटतं. काय करू?

— एक परिचारिका, हडपसर

उत्तर : तू वयानं माझ्या मुलीएवढी, त्यातून आपला गणवेश एकच. म्हणून एकेरीच लिहिते, राग मानू नकोस.

चाळीस हजार ऐकायला गोड लागतात, तेव्हा आधी त्यांचीच साल काढू. महिन्याचे 28 दिवस, रोजचे 24 तास, म्हणजे 672 तास. 40,000 ला 672 नं भाग. तासाला साठ रुपयेही पडत नाहीत. "पण ताई, चोवीस तास काही काम नसतं, रात्री झोपायला मिळतं," असं ब्युरोची बाई तुला सांगेल. सांगितलंही असेल. या पेशंटची रात्र कशी असते ते तुला शिकवायला नको, पण एकदा कागदावर मांडून मिस्टरांना दाखव. दहाला शेवटचं फीड. त्याआधी नळी जागेवर आहे का ते बघायचं, डोक्याकडची बाजू उचलून ठेवायची, फीडनंतर पाणी सोडायचं आणि लगेच आडवं करायचं नाही. अकराला कूस बदलायची. एकला पुन्हा, तीनला पुन्हा, पाचला पुन्हा. मध्ये युरीन बॅग भरली तर ती रिकामी करायची, मोजायची, लिहायची. डायपर खराब झाला तर तो त्याच वेळी बदलायचा, सकाळपर्यंत थांबता येत नाही. सहाला पहिलं फीड. म्हणजे सलग दोन तास झोप एकदाही नाही. दोन तासांनी कूस बदलली नाही तर आठवड्यात माकडहाडावर लाली दिसेल, आणि बेडसोर (पडून राहून होणारी जखम) झाला की घरचे पहिलं बोट तुझ्याकडे दाखवतील. कूस बदलत राहिलीस, तर महिन्याभरात तुझंच डोकं चालेनासं होईल. डोकं चालत नसलेल्या सिस्टरनं आरटीतून औषध द्यावं का, हे तूच सांग.

नळी आणि कॅथेटर असलेल्या, स्वतः कूस बदलू न शकणाऱ्या पेशंटला चोवीस तास एकच माणूस, हे मुळात चुकीचं आहे. तिथे दोन माणसं लागतात. दिवसा सिस्टर आणि रात्री शिकवून तयार केलेली एखादी मावशी असली तरी चालतं, पण दोन हवीतच. चालत्याफिरत्या, नुसती सोबत हवी असलेल्या आजींची चोवीस तासांची ड्युटी मी समजू शकते. ही नाही. या प्रस्तावातला हा अर्धा भाग मी सरळ बाजूला ठेवते, तूही ठेव.

आता बारा तासांची. रोजचे 1,000, महिन्याचे 26 दिवस, एकूण 26,000. आज हातात येतात त्यापेक्षा 8,000 जास्त. इथेच बहुतेक जणी होकार देऊन मोकळ्या होतात. पण हडपसर ते कोथरूड पीएमपीनं जायला, बस वेळेवर आली तर, सव्वा तास धर. येताना तेवढाच. म्हणजे घराबाहेर साडेचौदा तास, महिन्याचे 377. भागाकार केलास तर तासाला 69 रुपये. पासाचे पैसे त्यातूनच.

याच मापानं हॉस्पिटल मोज. आठ तास ड्युटी, पाऊण तास फुकटचा, जायला-यायला मिळून अर्धा तास, म्हणजे सव्वानऊ तास. महिन्याचे साधारण 240. पगार 19,500, पण पीएफमध्ये मालकही तुझ्याइतकेच 1,440 भरतो. तो पैसा तुझाच आहे, फक्त आज दिसत नाही. दोन्ही मिळून 20,940. तासाला 87 रुपये. ज्या हॉस्पिटलला तू "काय आहे तिथे" म्हणतेस, ते तासाला कोथरूडपेक्षा 18 रुपये जास्त देतंय. मला त्या हॉस्पिटलची वकिली करायची नाही. तुझा पगार कमीच आहे, त्याकडे येतेच. पण कमी पगार सोडून त्याहून कमी पगार घ्यायला निघालीस, आणि महिन्याचा आकडा मोठा दिसतो म्हणून ते ध्यानात येत नाही, एवढंच मला दाखवायचं होतं.

दुसरं असं की घरगुती ड्युटी पेशंट आहे तोवर. आजोबांना न्यूमोनिया झाला आणि आयसीयूत हलवलं की ड्युटी बंद. अमेरिकेहून मुलगा महिनाभर आला आणि "आम्हीच बघतो" म्हणाला की बंद. आजोबा गेले तर बंदच. पुढची केस लागेपर्यंत आठ-नऊ दिवस घरी बसलीस, तर त्या महिन्याची सगळी जास्तीची कमाई गेली. पुन्हा नवं घर, नवी माणसं, नव्या किल्ल्या. काही जणींना हे आवडतं, एका पेशंटकडे मनापासून बघता येतं. मलाही वॉर्डातल्या चाळीस पेशंटांपेक्षा घरातला एक पेशंट बरा वाटायचा. पण मला पेन्शन होती, हप्ते नव्हते. तुझं तसं नाही.

पत्रात तू जे लिहिलंच नाहीस, ते आता लिहिते. तुला आठ वर्षं झाली. पाच वर्षांच्या वर सलग नोकरी असेल तर सोडताना ग्रॅच्युइटी मिळते. हिशेब असा : शेवटचं बेसिक आणि महागाई भत्ता, गुणिले पंधरा, भागिले सव्वीस, गुणिले वर्षं. तुझ्या 12,000 वर ते 55,000 च्या वर जातात. आज नोकरी सोडलीस तरी ते तुझेच आहेत, आणि हॉस्पिटल आपणहून आठवण करून देईलच असं नाही. अर्ज तूच करायचा.

आणि पीएफच्या पेन्शनचं बघ. मालकाच्या हिश्श्यातला मोठा भाग पेन्शन योजनेत जातो. त्या योजनेत दहा वर्षं भरली की 58 व्या वर्षापासून दरमहा पेन्शनचा हक्क लागतो. तू दोन वर्षांवर आहेस. आत्ता सोडून "पैसे काढून टेम्पोच्या कर्जात घालू" असं ठरवलंत, तर ती आठ वर्षं पुसली गेली. सोडायचीच वेळ आली तर पैसे काढू नकोस, स्कीम सर्टिफिकेट, म्हणजे पेन्शन योजनेतल्या वर्षांचा दाखला, घे. पुढे कुठेही पीएफ असलेली नोकरी लागली की ही आठ वर्षं तिला जोडली जातात.

ईएसआयचंही तसंच. पगाराची मर्यादा 21,000 आहे, तू तिच्या आत आहेस. तुझ्या पगारातून जेमतेम दीडशे रुपये जातात आणि तू, मिस्टर, मुलगा तिघांचा इलाज त्यात होतो. टेम्पो चालवणाऱ्या माणसाच्या बायकोनं हे सोडण्याआधी चारदा विचार करावा. ब्युरो तुला यातलं काहीही देणार नाही. तू त्यांची नोकरदार नसतेस, रोजावर असतेस. बाहेर खासगी विमा घ्यायला गेलीस तर प्रीमियम किती पडतो, ते विचारून ये आणि तेवढे पैसे त्या 26,000 मधून वजा कर.

मग हॉस्पिटलातच पडून राहायचं का? नाही. तुझ्यासारख्या सिस्टरांसाठी सर्वोच्च न्यायालयापर्यंत भांडण झालं आहे. जानेवारी 2016 मध्ये न्यायालयानं केंद्र सरकारला समिती नेमायला सांगितलं, तिनं खासगी रुग्णालयांतल्या पगाराबद्दल शिफारशी केल्या. दोनशेच्या वर खाटा असतील तर सरकारी परिचारिकेइतका पगार. शंभरच्या वर असतील तर त्याहून फार तर दहा टक्के कमी. पन्नास ते शंभर खाटा असतील, म्हणजे तुझं हॉस्पिटल, तर फार तर पंचवीस टक्के कमी. आणि पन्नासच्या आत असलं तरी 20,000 च्या खाली नाही. राज्यात सरकारी अधिपरिचारिकेचं मूळ वेतनच 35,400 पासून सुरू होतं. त्यातून पंचवीस टक्के काढ, 26,550 उरतात. भत्ते वेगळेच. तुझा पगार तर पन्नास खाटांच्या आतल्या हॉस्पिटलासाठी सांगितलेल्या आकड्याहूनही कमी आहे.

या शिफारशी आहेत, कायदा नव्हे. अंमलबजावणी राज्यांवर सोडलेली आहे, त्यामुळे हा कागद घेऊन गेलीस आणि दुसऱ्या दिवशी पगार वाढला असं होणार नाही. पण बोलायला हातात काहीतरी लागतं. एकटी जाऊ नकोस. एकटीला "परवडत नसेल तर बघा बाई" म्हणणं सोपं असतं. जुन्या चार-पाच जणी मिळून जा, मॅट्रनला (मुख्य परिचारिकेला) बरोबर घ्या, आणि दोन गोष्टी मागा : पगार 23,000-24,000 पर्यंत, आणि हँडओव्हरच्या पाऊण तासाचा ओव्हरटाइम किंवा बदली रजा. दुसरी मागणी त्यांना पहिलीपेक्षा जड वाटेल, म्हणून पहिली मान्य व्हायची शक्यता वाढते. एक ध्यानात ठेव, 21,000 च्या वर गेलीस की ईएसआय चालू कंट्रिब्युशन पीरियड (वर्गणीचा सहामाही काळ) संपेपर्यंतच चालतं, नंतर बंद होतं. तेव्हा वाढ मागताना कर्मचाऱ्यांसाठी ग्रुप मेडिक्लेमही मागून घ्या. व्यवसायकराची काळजी नको. महाराष्ट्रात बायकांना महिना 25,000 पर्यंत तो लागत नाही.

एवढं करूनही मन घरगुती ड्युटीकडेच ओढत असेल, तर माझा दर ऐक. आजचा तुझा तास 87 रुपयांचा. कोथरूडचे साडेचौदा तास त्यानं गुणले तर 1,260 होतात. याच्या खाली गेलीस तर आजच्यापेक्षा स्वस्तात राबलीस. रजा नाही, केसची शाश्वती नाही, हे धरून मी 1,400 मागेन. ब्युरोला सरळ विचार, "घरच्यांकडून दिवसाचे किती घेता?" सांगायला का-कू केलं तर काय ते समज. त्यापेक्षा कोथरूड सोडून दे. मगरपट्टा आणि अमनोरा तुझ्या दारात आहेत, तिथल्या इमारतींत मुलं परदेशी असलेली कितीतरी आजी-आजोबा मंडळी राहतात. जवळच्याच केस देणारं ब्युरो बघ. वीस मिनिटांत पोचता आलं तर 1,100 ला तुझी आजची बरोबरी होते. कोथरूडच्या 1,260 पेक्षा मला हे 1,100 जास्त आवडतील, कारण मुलगा झोपायच्या आत तू घरी असशील.

सात दिवसांचं डिपॉझिट कुठल्या अटीवर परत मिळणार, हे लिहून घेतल्याशिवाय हो म्हणू नकोस. ओरिजिनल सर्टिफिकेटं मात्र कुणालाही द्यायची नाहीत. ब्युरोला नाही, घरच्यांना नाही. झेरॉक्स दे, हवं तर समोर बसून ओरिजिनल दाखव आणि परत पिशवीत घाल. ज्यांच्याकडे तुझी मार्कशीट आणि रजिस्ट्रेशन अडकलंय, त्यांच्याशी तू पगारावरून कधीच भांडू शकणार नाहीस. त्यासाठीच ती ठेवून घेतात. हे एकच कलम वाचून मी त्या ब्युरोवर काट मारली असती.

मिस्टरांना हे पत्र वाचायला दे. त्यांचं काही चुकलं असं मी म्हणत नाही, हप्ता दर महिन्याला दारात उभा राहतो. पण टेम्पोचं भाडं ठरवताना ते किलोमीटर मोजतातच ना? बारा तासांच्या भाड्याच्या जेमतेम दीडपट पैशांत चोवीस तास टेम्पो ते तरी देतील का?

प्रश्न : मी एएनएम (सहायक परिचारिका) आहे, मूळची लातूरची. ठाण्यात एका घरी आजींची नाईट ड्युटी करते, आठ ते आठ. आता सकाळी निघण्याआधी घरातल्या सगळ्यांच्या पोळ्या करायला सांगतात. आजींच्या खोलीत कॅमेरा आहे, तिथंच मला कपडे बदलावे लागतात. ब्युरोला सांगितलं तर म्हणाले, "ॲडजस्ट करा." काम सोडायचं नाहीये, कारण पैसे वेळेवर देतात.

— ठाणे

उत्तर : पेशंटचं जेवण, पेशंटची भांडी, पेशंटचे कपडे, इथे तुझी हद्द संपते. आजींची पेज करून दे, सूनबाईंच्या पोळ्या नको. भांडू नकोस. "सातला आजींचं स्पंजिंग आणि औषधं असतात, त्या वेळात पोळ्यांना हात लावला तर गोळ्यांत घोटाळा होईल," असं सांग. हे खरंही आहे. त्यांना पोळ्या हव्याच असतील तर पोळीवाल्या बाईचा वेगळा दर असतो, तो त्यांनी वेगळा द्यावा. आणि तुला करायच्या नसतील तर तोही घेऊ नकोस.

कॅमेऱ्याबाबत मात्र ॲडजस्ट करायचं नाही. पेशंटवर लक्ष ठेवायला कॅमेरा असायला माझी हरकत नाही. कधी आपल्यावर चोरीचा आळ आला तर तोच आपल्या बाजूनं बोलतो. पण कपडे बदलायला बंद दाराची जागा हवी, बाथरूम चालेल. आजच मागून घे आणि ब्युरोला फोन करण्याऐवजी मेसेज कर, म्हणजे लेखी राहील. उद्या घरातल्या कुणाची नजर किंवा हात वळवळला, तर हेही माहीत असू दे : कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा 2013 चा कायदा घरालाही कामाची जागा मानतो. ब्युरोत दहापेक्षा कमी माणसं असतील आणि त्यांची स्वतःची समिती नसेल, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार करता येते. पत्ता जिल्हाधिकारी कार्यालयात मिळेल.

प्रश्न : आमच्या वडिलांसाठी गेल्या वर्षापासून दिवसाच्या सिस्टर येतात, ब्युरोविना, थेट. पैसे माझा भाऊ न्यू जर्सीहून पाठवतो. मागच्या महिन्यात वडील नऊ दिवस हॉस्पिटलात होते. भाऊ म्हणतो, काम नाही तर पैसे कशाला. सिस्टर काही बोलल्या नाहीत, पण नाराज दिसतात. द्यायचे का?

— डोंबिवली

उत्तर : द्या. सिस्टर नऊ दिवस घरी बसल्या त्या तुमच्यासाठी जागा राखून बसल्या. मध्ये दुसरी केस घेतली असती, तर वडील घरी आले त्या दिवशी तुम्हीच फोन करत बसला असता. ठरलेलं काही नव्हतं म्हणून या वेळी निम्मे दिवस धरा, आणि पुढच्यासाठी आत्ताच लिहून ठेवा : पेशंट ॲडमिट असेल तर पहिले पंधरा दिवस निम्मा रोज, त्यानंतर सिस्टर दुसरीकडे जायला मोकळ्या. महिन्याला चार सुट्ट्या पगारी. काम बंद करायचं तर दोन्हीकडून पंधरा दिवसांची सूचना. वडिलांचं बरंवाईट झालं तर सूचना शक्य नसते, तेव्हा पंधरा दिवसांचा रोज.

भावाला सांगायला एक गोष्ट सोपी आहे. वडिलांची औषधं, फीडची वेळ, ते कुठल्या कुशीवर कण्हतात, हे सध्या सिस्टरांना तुमच्यापेक्षा जास्त माहीत आहे. नवी सिस्टर आणली तर हे शिकायला तिला महिना लागेल आणि तो महिना वडिलांचा जाईल. पैसे बँकेतून पाठवा, रोख नको. त्यांना पुढे कुठे कर्ज काढायचं झालं तर पासबुकात उत्पन्न दिसायला हवं.